मल्हारी मिस्त्री आणि हरवलेले अठरा

एका डोंगरी गावात एक मिस्त्री होता. गावाचं नाव आंबेखोल, मिस्त्रीचं नाव मल्हारी. घरोघरच्या टीव्हीचा अँटेना तोच लावायचा आणि त्याच्या हाताला यश होतं. तो कौलांवर चढून अँटेना फिरवू लागला की खाली दारात सगळं घर गोळा व्हायचं. पडद्यावरच्या मुंग्या जाऊन जरा कुठे माणसाचं तोंड दिसलं की खालून आरोळी उठायची, "आलं, आलं! आता हलवू नको!" मल्हारी तिथेच पाना आवळायचा आणि चहा प्यायला खाली उतरायचा. वीस वर्षं हे असंच चाललं. पडद्यावरचं तोंड हिरवं दिसतंय की जांभळं, याची चौकशी कुणी केली नाही.

पुढे अँटेना गेले, छत्र्या आल्या. मल्हारी शिकत गेला आणि रेडिओची छत्रीही बसवू लागला. ही छत्री टीव्हीच्या छत्रीसारखी आकाशाकडे बघत नाही. ती दरीपलीकडच्या दुसऱ्या छत्रीच्या डोळ्याला डोळा भिडवून बसते, आणि मग मधे तार नसतानाही इकडचं बोलणं आणि चित्र तिकडे पोचतं. कसं पोचतं, याचं मल्हारीला रोज नव्याने नवल वाटायचं.

अशी एक छत्री आंबेखोलच्या आरोग्य उपकेंद्रावर बसवायचं ठरलं. दुसरी अकरा किलोमीटरवर, तालुक्याच्या दवाखान्याच्या गच्चीवर. डॉक्टरीणबाई तिथे बसून इथला रोगी बघणार आणि इथल्या सिस्टरला काय करायचं ते सांगणार. गावाला त्याची निकड होतीच, पण सगळ्यांत जास्त होती सरपंच गुणाबाईंना. त्यांच्या सुनेला, कस्तुरीला, नववा लागला होता. मागच्या खेपेला जीप घाटात अडकली आणि मूल वाटेतच गेलं. तेव्हापासून गुणाबाई घाटाकडे तोंड करून बसत नसत.

ठरल्या दिवशी मल्हारीचा जोडीदार दौलत तालुक्याच्या गच्चीवर गेला. या कामाची रीत अशी की एकाने छत्री हलवायची तेव्हा दुसऱ्याने आपल्या छत्रीला बोटही लावायचं नाही. दौलतने आपली बाजू लावून घेतली आणि हाताची घडी घालून बसला. इकडे मल्हारी शिडीवरून छत्री केसाकेसाने फिरवत होता आणि खाली अर्धं गाव जमलं होतं. अचानक सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंचं तोंड उमटलं. गावाला वीस वर्षांची सवय. एकच आरोळी उठली, आणि मल्हारीचा पाना आपोआप आवळला गेला.

गुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांच्याकडे कोंबडा आधीच शिजत होता. मल्हारी हात धुऊन ताटावर बसला, आणि जेवता जेवता त्याने खिशातला कागद काढला. एवढ्या अंतरावर एवढी छत्री असली की छत्रीतल्या रेडिओच्या सिग्नलचा आकडा किती यावा, ते त्यावर लिहून दिलं होतं. हा आकडा उलटा असतो, जितका कमी तितका चांगला. कागदावर होतं चोपन्न. मोबाइलवर रेडिओ दाखवत होता बहात्तर.

चित्र तर आलं होतं. मग मधले अठरा गेले कुठे?

मल्हारीने रश्शाची वाटी बाजूला सारली. समोर झाड आडवं आलंय म्हणावं, तर दरी स्वच्छ होती. तार ढिली म्हणावी, तर ती दोनदा तपासली होती. शेवटी त्याने आपलाच हात आठवून पाहिला. आपण छत्री डावीकडून फिरवत आणली, चित्र दिसलं आणि थांबलो. त्याच्या उजवीकडे काय आहे ते आपण पाहिलंच नाही. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की वीस वर्षांत ते आपण एकदाही पाहिलेलं नाही. या विचाराने त्याला लाजही वाटली आणि पायांना चाळाही लागला.

तो पाना घेऊन निघाला तेव्हा गुणाबाई शिडी अडवून धरून उभ्या राहिल्या. काय करताय, त्यांनी विचारलं. जरा पुढं फिरवून बघतो, तो म्हणाला. चित्र जाईल का, तर हो, जाईल.

"मिस्त्री, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," गुणाबाई म्हणाल्या. "माझी सून अवघडलेली हाय. आलंय तेवढं राहू द्या."

पुढे काही असेलच, याची मल्हारीलाही खात्री नव्हती. गावाने आत्ताच पाठ थोपटली होती आणि ती ऊब अजून पाठीवर होती. त्याने सिस्टरकडून काळं पेन मागून घेतलं, फक्त खूण करतो म्हणून वर चढला आणि छत्रीच्या पट्टीपासून खांबापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"आक्का, हे तुमचं हातचं," तो म्हणाला. "पुढं काय घावलं न्हाई, तर याच रेघंवर आणून ठिवतो. पर वाऱ्याच्या एका झोताला जाईल असलं चित्र देऊन मला तुमचं जेवण पचायचं न्हाई."

गुणाबाईंनी शिडीवरचा हात काढला.

मल्हारीने नट सैल केला आणि छत्री उजवीकडे सरकवली. आकडा बहात्तरचा पंचाहत्तर झाला, मग एक्क्याऐंशी, आणि डॉक्टरीणबाईंचं तोंड पडद्यावरून पुसलं गेलं. खाली कुजबुज सुरू झाली. मिस्त्रीला कोंबडा चढला, असं कुणीतरी म्हणालं. एक बोट सरकवलं, काही नाही. रेघ मागे पडली आणि हात तिकडे ओढ घेऊ लागला. मल्हारीलाच आता भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा पुढे काय आहे याची उत्सुकता गहूभर जास्त होती. त्याने अजून थोडं सरकवलं.

ऐंशी. मग सत्तर, एकसष्ट, पंचावन्न आणि चोपन्न.

खाली आरोळी उठली, पण या वेळी मल्हारी थांबला नाही. त्याने आणखी पुढे जाऊन पाहिलं. आकडा पुन्हा चढू लागला, तेव्हा तो मागे चोपन्नवर आला आणि मगच पाना आवळला. प्रत्येक छत्रीतून निघणाऱ्या लहरींच्या मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना असे छोटे फसवे झोत असतात. डोंगर चढताना पहिलं टेकाड लागलं की माथा आल्यासारखा वाटतो, तसंच हे. मल्हारी आधी टेकाडावरच घर बांधून बसला होता.

नवव्या दिवशी सकाळी कस्तुरीला कळा सुरू झाल्या. त्याच सकाळी वारा सुटला, घाटात झाड आडवं पडलं आणि जीपची वाट बंद झाली. उपकेंद्रावरचा खांब थरथरत होता. आकडा साठपर्यंत जायचा आणि परत यायचा. त्याला हलायला जागा होती, म्हणून चित्र टिकलं. चार तास डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरून नजर काढली नाही. बाळाचं डोकं आलं तेव्हा गळ्याला नाळेचा वेढा आहे हे त्यांनी पाहिलं आणि सिस्टरला एकेक बोट कसं घालायचं ते सांगत तो सोडवला. मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने सगळं उपकेंद्र डोक्यावर घेतलं. बहात्तरवर ठेवलेलं चित्र वाऱ्याच्या पहिल्याच झोताला गेलं असतं. गुणाबाईंना ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या बाहेर येऊन खांबावरच्या काळ्या रेघेकडे आणि तिच्यापासून दोन बोटं पुढे सरकलेल्या छत्रीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

दोन महिन्यांनी गावच्या शाळेवर छत्री बसली. चित्र दिसताच गाव सवयीने ओरडलं, "आलं! हलवू नको!" गुणाबाई नातीला खांद्यावर घेऊन खाली उभ्या होत्या. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"मल्हारीदादा," त्या म्हणाल्या, "खूण करा, आन् जरा पुढं फिरवून बघा."

तात्पर्य: हातचं सोडू नये हे खरं, पण पहिलं यश म्हणजेच माथा असं मानून बसू नये, हातच्याची खूण करून ठेवावी आणि पुढे काय आहे ते पाहून यावं.