पानात राखलेला घास

एकदा एक गुळाचा व्यापारी घशाच्या कर्करोगातून वाचला. दवाखान्यात किरणांचे शेक दिले, गाठ विरली, लोकांनी पेढे खाल्ले आणि विसरले. त्याला वर्षं लोटली. गळा मात्र विसरला नाही, कोरडा ठाक राहिला. डॉक्टर दरवर्षी आत पाहून सांगत, रोग नाही, हे त्या शेकाचंच देणं. घोटभर पाण्याशिवाय त्याला घास उतरत नसे. म्हणून चारचौघांत जेवणंच त्यानं सोडलं होतं.

पण मुलीच्या लग्नात सुटका कुठली? व्याह्यांच्या पंगतीला त्याला बसावंच लागलं. शेजारी गावातले वृद्ध आचार्य होते आणि त्यांचा शिष्य भात वाढत होता. सगळ्यांची पानं आटोपली, व्यापाऱ्याचं अर्धंही नाही. पंगत एकदमच उठायची, म्हणून सगळे हात वाळवत बसले. दुसऱ्या पंगतीचे लोक डोक्यावर उभे. वराचा मामा म्हणाला, "व्याही, दुसरी पंगत तुमच्याच पानावर बसवायची काय?" हशा पिकला. शिष्यही हसला. व्यापाऱ्यानं मान खाली घालून पान दुमडायला घेतलं.

तेवढ्यात आचार्यांनी शिष्याला हाक मारली. "भात वाढ. हात आखडू नकोस."

शिष्य चकित झाला. जन्मभर मिताहार शिकवला, ते आज पुन्हा भात मागतात? आचार्य मात्र शिताशितानं खात राहिले. त्यांच्याआधी उठायची कुणाची छाती? व्यापाऱ्यानं पान पुन्हा सरळ केलं आणि तो ताकभातापर्यंत जेवला. मगच आचार्यांनी राखलेला शेवटचा घास घेतला.

हातावर पाणी घालताना शिष्यानं विचारलंच, की हा हावरेपणा कशासाठी?

आचार्य म्हणाले, "रोग गेला म्हणजे माणूस होता तसा परत मिळाला, हे तुला कोणी शिकवलं? कढलेला रस पुन्हा उसात जातो काय? त्याचा गळा ओला करणं माझ्या हाती नाही. तो एकटा मागे राहू नये, एवढं आहे. लेकीच्या लग्नात बाप उपाशी उठत होता, आणि तू भाताचं भांडं धरून हसत होतास. जा, जेवून घे. रात्री माझं पान मांडू नकोस, पोटाला तडस लागलीय."

दुसऱ्या पंगतीत शिष्याशेजारी एक बोळक्या तोंडाची म्हातारी बसली होती. त्याचं जेवण आटोपलं, तिचं निम्मं व्हायचं होतं. त्यानं एक घास पानात तसाच ठेवला आणि बसून राहिला.

बऱ्या झालेल्याला 'आता काय होतंय तुला?' असं विचारणाऱ्यांनो, तोंड मिटा आणि त्याचं जेवण होईस्तोवर बसा.