भोक नसलेल्या घागरी

फार फार वर्षांपूर्वी, राजे जेवत आणि प्रजा त्यांचे ढेकर ऐकत असे त्या काळात, एका डोंगराळ मुलखात एक राजा होता. त्याच्याकडे सगळे होते. भूक तेवढी नव्हती.

यात त्याचा दोष नव्हता. राजवाड्याची कोठी ज्याच्या ताब्यात होती, त्या कोठावळ्याचा नियम होता की जुने आधी संपवायचे. नवा तांदूळ आला की तो मागे जाई, नवा गूळ आला की तो तळाशी. जुने संपेपर्यंत नवे जुने होई. त्यामुळे साऱ्या पंचक्रोशीत ताजे अन्न न मिळणारा माणूस एकच होता आणि तो सिंहासनावर बसत असे.

राजवाड्यामागच्या परसात एका खोलीत धुरपदा राहायची. मुदपाकखान्यातली भांडी घासणे हे तिचे काम. चिरा गेलेली बरणी, गळका माठ, कान तुटलेले दह्याचे गाडगे असे जे जे टाकायचे म्हणून बाहेर येई, ते ती दारी घेऊन जाई. लोणच्याची बरणी राखेच्या पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवी, कारण खारात काही रुजत नाही. तुपाचे मडके शिकेकाईने घाशी. मग त्यात माती भरून कुठे चुरडलेले धने टाकी, कुठे पुदिन्याची काडी खोची. सोळा वर्षांत तिचे दार असे हिरवे झाले होते की सुगंधानेच खोली सापडावी.

तशी ती एक दिवस राजाला सापडली. ताटावरून उठून तो परसात फेऱ्या मारत होता. धुरपदा भाकरीवर पुदिन्याची चटणी घेऊन बसली होती.

“काय खातेस?” राजाने विचारले.

“चटणी-भाकर, महाराज. तुमच्या जोगती न्हाई.”

“ते मला ठरवू दे.”

राजाने दीड भाकरी खाल्ली. धुरपदेला उरली अर्धी. पण राजाला जेवताना पाहून तिला फार बरे वाटले.

कोठावळ्याला मात्र मुळीच बरे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी तो एक जुने बाड घेऊन दरबारात आला. पाडव्याच्या सूर्योदयाला ज्याच्या घरी फुटके भांडे सापडेल, त्याने गाव सोडावे, असा पूर्वजांचा कायदा त्यात होता. कायदा फार जुना होता, म्हणजे तो कोणी पाळत नव्हते आणि कोणी रद्दही केला नव्हता.

“फुटके भांडे म्हणजे अवलक्षण, महाराज,” कोठावळा म्हणाला. “आणि या बाईने सोळा वर्षे तेच राजवाड्याच्या भिंतीला टेकवून ठेवले आहे.”

राजा पेचात पडला. “मग मला चटणी कोण देणार?”

“मी देईन. तीच माती, तेच बी, पण अखंड भांड्यांत. तांब्याच्या, चांदीच्या.”

राजाने विचार केला आणि निवाडा दिला. पाडव्याला चाळीस दिवस होते. तोवर अखंड भांड्यांत तशीच बाग उभी राहिली तर कायदा खरा आणि धुरपदेने गाव सोडायचे. न राहिली तर कायदा रद्द.

धुरपदेला दुसरे घर नव्हते, माहेर नव्हते. तरीही कोठावळा माती न्यायला आला तेव्हा तिने खोटे सांगितले नाही.

“दादा, तळाला भोक पाडा. वर खापरीचा तुकडा ठेवा, मग माती घाला.”

“राजाच्या घागरीला भोक?” कोठावळा हसला. “धुरपदे, तुझी भांडी फुटकी म्हणून तुला फुटकेच सुचते. वीस वर्षांत माझ्या कोठीतून थेंब गळलेला नाही.”

“तेच तर सांगते. गळायला पाहिजे.”

कोठावळ्याने खजिन्यापुढच्या अंगणात घागरी मांडल्या. पाणी घालायला तीन माणसे नेमली, सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. आधीच्याने घातले असेल यावर पुढच्याचा विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येक जण भरपूर घाली.

आठ-दहा दिवसांत कोथिंबीर वर आली. पंधराव्या दिवशी ती धुरपदेच्या कोथिंबिरीपेक्षा उंच होती. लोक बघायला येऊ लागले. मुदपाकखान्यातल्या बायका धुरपदेला म्हणाल्या, “बाई, तुझं गाठोडं बांधून ठेव हं आता.” तिने खरेच बांधले. फक्त गाडग्यांना पाणी घालणे तिने सोडले नाही.

तिसाव्या दिवशी कोठावळ्याच्या कोथिंबिरीच्या पानांवर पिवळी कडा आली. त्याने ओळखले, तहान लागली आहे. पाणी दुप्पट केले. पस्तिसाव्या दिवशी पुदिना आडवा झाला. त्याने चौथा माणूस नेमला.

पाडव्याच्या आदल्या सकाळी राजा बाग पाहायला आला. चांदीची घागर इतकी लखलखीत घासली होती की राजाला तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला. त्याने कोथिंबीर मुठीत धरून ओढली. ती मुळासकट हातात आली. मुळे काळी, बुळबुळीत झाली होती, आणि वास असा सुटला की मागचे मानकरी आणखी मागे गेले.

“धुरपदे,” राजा नाक धरून म्हणाला, “हिला काय झाले?”

“बुडाली, महाराज. आलेलं पाणी जायला वाटच न्हाई.”

कोठावळ्याची मान खाली गेली. “बी सारखे होते,” तो पुटपुटला. “मातीसुद्धा.”

राजाने जुने बाड मागवून कायद्यावर काट मारली. मग लोहाराकडून भोक पाडायचा सुंभा आणि हातोडी आणवून कोठावळ्याच्या हातात दिली. कोठावळा तांब्याच्या घागरीपुढे बसला. पहिला घाव घालताना त्याने डोळे मिटले.

“डोळं उघडा, दादा,” धुरपदा सुंभा धरून म्हणाली. “भोक घागरीला पाडायचंय, माझ्या बोटाला न्हाई.”

कोठावळ्याला हसू आले. वीस वर्षांत ते प्रथमच आल्यामुळे जवळच्यांना काळजी वाटली.

घागरीतले साचलेले पाणी काळपट धारेने बाहेर आले आणि फरशीवरून वाहत गेले. कोठावळ्याने नवी माती भरली. धने मात्र धुरपदेने चुरडून दिले. पाडव्याच्या दिवशी तिने आपले गाठोडे सोडून लुगडी पुन्हा दांडीवर टाकली आणि राजाच्या पानात हिरवी चटणी वाढली. राजाने तीन वेळा मागून घेतली.

बोध: जो आलेले सगळे धरून ठेवतो त्याच्याकडे साठा होतो; वाढ मात्र त्याच्याकडे होते, जो थोडे जाऊ देतो.