सतराचा पाढा

डोंगरपायथ्याच्या एका लहानशा केंद्रात चौदा मोठी माणसं शिक्षक व्हायला शिकत होती. गाणी, चित्रं, मातीकाम यांतूनच मुलांना सगळे विषय शिकवायचे, अशी तिथली रीत. शिवणकारखान्यातली नोकरी सोडून आलेली हेमांगी घाडी त्यांतलीच एक. आज तपासणीला साहेब आले होते. त्यांनी मान्यता नाकारली की वर्ग बंद, आणि कारखान्यात तिच्या जागी दुसरी बाई केव्हाच बसली होती.

हेमांगी टाळ्यांच्या ठेक्यावर गणित शिकवून दाखवत होती. साहेबांनी मध्येच हात वर केला.

"बाई, पुरे हा पोरखेळ. गणिताला गाणं कशाला लागतं?"

हेमांगीने टाळ्या थांबवल्या. ती म्हणाली, "साहेब, सतराचा पाढा म्हणाल? पण चाल न लावता, साधं बोलल्यासारखा."

"त्यात काय अवघड? सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक... त्रिक..."

साहेब अडले. मग त्यांचे डोळे मिटले, मान डोलू लागली, आणि शाळेतल्या चालीत पाढा धडाधड शेवटपर्यंत गेला.

"आकडे विसरला होतात साहेब," हेमांगी हळूच म्हणाली, "गाणं नव्हतं विसरलात."

साहेबांनी मान्यतेचा कागद ओढून सही केली आणि खालच्या आवाजात विचारलं, "एकोणतीसचा मला कधीच आला नाही. त्याला आहे का हो एखादी चाल?"