एका रहाटावरच्या चार टोपल्या

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला सांगता यायचं नाही. एका उंच गडावर पन्नास-साठ घरांची वस्ती होती. खाली उतरायला नऊशे पायऱ्यांची एकच वाट, आणि पावसाळ्याचे चार महिने तीही बंद. त्या दिवसांत वर धान्य येत नसे आणि खाली माणूस जात नसे.

एका वर्षी काही घरांनी बेगमी न करताच पावसाळा गाठला. मग त्यांनी शेजाऱ्यांचं खाल्लं, शेजाऱ्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांचं, आणि श्रावण सरता सरता सगळा गड उपाशी पडला. तेव्हापासून नियम झाला. पावसाळ्यासाठी गडाचा दरवाजा मिटायच्या दिवशी गडकरी घरोघर फिरे. त्याच्या हातात खाच पाडलेली एक काठी असे. ती तो प्रत्येक घरच्या कणगीत उभी खुपसे. धान्य खाचेला लागलं तर घर गडावर राही. नाही लागलं तर त्या घराने सूर्य मावळायच्या आत खाली उतरायचं. रडणं, पाया पडणं, जुनी ओळख सांगणं, यातलं काही चालत नसे. गडकरी दुष्ट होता असं समजू नका. त्याला ते भुकेचं साल विसरता येत नव्हतं, एवढंच.

या गडाच्या अगदी कड्यावर गोजरा राहत होती. तिचा नवरा मल्हारी पाथरवट. बुरुजाचं काम करताना तो वरून पडला आणि कंबरेखाली लुळा झाला. वैद्याने त्याची पाठ तपासली आणि गोजराला बाजूला घेऊन सांगितलं, “याला हलवू नकोस. डोलीत घालून पायऱ्या उतरवल्यास तर पायथ्याला जिवंत पोचायचा न्हाई.”

म्हणजे काठी खाचेपर्यंत बुडायला हवी होती. नाहीतर नवरा जाणार होता.

गोजराला घर सोडता येईना. त्याची कूस बदलायची, पाणी पाजायचं, हाक मारली की धावायचं. पण तिच्या परसाच्या खाली, तीनशे हात खोल, घाटाची वाट होती आणि त्या वाटेने बैलांचे तांडे जात. शेजारच्या बाळोजीने कड्यावर तुळई पुढे काढून तिला रहाट बसवला होता. गोड बोलण्यात बाळोजीचा हात धरणारा गडावर कुणी नव्हता.

“भाडं नको की काही नको, पोरी. रहाट तुझाच समज,” तो म्हणाला. “सोड टोपली खाली. तांडेवाले काय हवं ते घेतील, धान्य घालतील. तुझं पोट भरलं तर मला पुण्य.”

गोजराने कारळ्याची चटणी करून टोपली सोडली. टोपली वर आली ती ओंजळभर नाचणी घेऊन. तिला रडूच आलं.

मग ती एका टोपलीवर थांबली नाही. दुसऱ्या टोपलीत ताप-खोकल्याच्या काढ्याच्या पुड्या गेल्या. तिसरीतून तांडेवाल्यांच्या फाटक्या गोण्या वर आल्या आणि शिवून खाली गेल्या. चौथं काम तर तिला बसल्या जागी सुचलं. तिच्या परसातून पुढची खिंड दिसत होती, खालून दिसत नव्हती. खिंडीत दरड सुटली असेल तर ती कड्यावर तांबडं लुगडं टाके, वाट मोकळी असेल तर पांढरं. तांड्यांचा खोळंबा वाचू लागला आणि त्या खबरेचंही मूठ-मूठ धान्य टोपलीत पडू लागलं. कणगी चढू लागली.

“चार कामं हायेत आता,” ती मल्हारीला भरवता भरवता म्हणाली. “एक बसलं तरी तीन हायेत. आपल्याला भ्यायचं कारण न्हाई.”

मल्हारी जन्मभर भार कशावर टेकलाय हे बघत आला होता. त्याने विचारलं, “चारी टोपल्या जातात कुठनं?”

“रहाटावरनं. आणि कुठनं जाणार?”

“मग ते एकच काम झालं, गोजरे.”

गोजराला त्याचा राग आला. दिवसभर राबून चार कामं उभी केली आणि हा पडल्या पडल्या खोट काढतो! तिने घास जरा जोरातच पुढे केला आणि विषय संपवला.

होळी झाली आणि बाळोजी दारात आला. दोरखंड झिजतो, तेल लागतं, तेव्हा टोपलीमागे एक मूठ आपल्याला द्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. तिने दिली. महिन्याने एकाच्या दोन मुठी झाल्या. तिने त्याही दिल्या. मग बाळोजीच्या पुतण्याने कारळ्याची चटणी करायला घेतली. योगायोग बघा, त्यातही गोजरासारखाच लसूण आणि तसंच खोबरं! त्याची टोपली आधी सुटायची, गोजराची दुपारनंतर, तांडे निघून गेल्यावर. तरी ती गप्प राहिली. रहाट त्याचा होता.

दरवाजा मिटायला पंधरा दिवस उरले तेव्हा कणगी खाचेपासून वीतभर खाली होती. त्या सकाळी गोजरा टोपली घेऊन कड्यावर गेली तर रहाटाला साखळी घातलेली.

“आता आमच्याच मालाची गर्दी झालीय, पोरी,” बाळोजी हसतमुखाने म्हणाला. “तुझ्यावर राग न्हाई हं माझा. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी? काका, पंधरा दिवसांनी गडकरी येतोय. माझा नवरा...”

“अगं, मला का दिसत न्हाई? जीव तुटतो माझा. पण पुतण्याला न्हाई म्हणू का?”

ती बोलत राहिली, तो मान डोलावत राहिला, आणि साखळी तिथेच राहिली.

तीन दिवस घरात एक दाणा आला नाही. चारी कामं एका सकाळी बसली होती. वर खाणारी दोन तोंडं होतीच. रोज कणगीत हात घालावा लागे आणि रोज धान्य खाली जाई. गोजरा एक वेळ जेवू लागली. मल्हारीच्या ते ध्यानात आलं तसं त्यानेही ताट सरकवलं. दोघं एकमेकांवर ओरडली आणि मग दोघंही रडली.

“मी उतरतो डोलीतनं,” मल्हारी म्हणाला. “काय व्हायचं ते होईल.”

“गप ऱ्हावा,” गोजरा म्हणाली. तिला भीती वाटत होती. आपण चार महिने तो एक रहाट सोडून दुसरीकडे मान वळवून पाहिलं नाही, हे तिला आता लख्ख दिसत होतं. ती उठली आणि परसाकडे पाठ करून पुढच्या दारात जाऊन उभी राहिली.

पुढच्या दारावरून रोज माणसं जात होती. साळू गवळण पहाटे दूध घेऊन नऊशे पायऱ्या चढे आणि रिकामी कळशी घेऊन उतरे. गडावरचा गुरव पायथ्याच्या देवीची पूजा करायला रोज सकाळी खाली जाई. खालच्या दरवाज्याचा पहारेकरी पाळी बदलून वर येई. आपण कधी त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याचं गोजराला आठवेना. आता तोंड कसं उघडायचं?

“साळूबाई,” तिने हाक मारली. “उतरताना कळशी रिकामीच असती न्हवं? माझी चटणी न्याल का? आलेल्यातलं चौथाई तुमचं.”

साळूने तिला खालीवर न्याहाळलं. “चार महिनं या दारावरनं जाती मी. आज दिसली व्हय तुला?”

“चुकलं माझं,” गोजरा म्हणाली.

“आण इकडं. लसूण जास्त घाल मातर. तांडेवाल्यांना लसूण लागतो.”

गुरवाने काढ्याच्या पुड्या देवीच्या पायरीवर ठेवायचं कबूल केलं. पहारेकऱ्याला तिने एक मडकं दिलं. तांबडं-पांढरं लुगडं तर कड्यावरून तसंच दिसत होतं, त्याला रहाट कशाला हवा? तांडेवाल्यांनी खबरेची मूठ तेवढी पहाऱ्यावरच्या मडक्यात टाकायची होती. गोण्यांचं काम मात्र गेलं. ते ओझं पायऱ्यांवरून चढवायला कुणी धजेना. तेव्हा तिने सुई गडावरच फिरवली. पावसाळा तोंडावर होता आणि घरोघरी घोंगड्या फाटलेल्या होत्या. ती दारात बसून त्या शिवू लागली आणि बायका पदरात धान्य घेऊन येऊ लागल्या.

येणं पूर्वीपेक्षा कमीच होतं. रहाटावर टोपली भरून यायचं ते आता ओंजळीने येत होतं. पण कणगी उतरायची थांबली, मग बोटाबोटाने चढू लागली. गोजरा रोज हात आत घालून बघे. सात बोटं कमी. सहा. पाच.

दरवाजा मिटायला चार दिवस उरले आणि साळू आली नाही. तिचा पाय मुरगळला होता, असं गुरवाने सांगितलं. साखळीची ती सकाळ गोजराच्या डोळ्यांसमोर आली. संपलं सगळं, तिला वाटलं. पण दुपारी शेजारीण घोंगडी न्यायला आली आणि तिने शेरभर वरी ओतली. संध्याकाळी पहारेकऱ्याने मडकं आणून दिलं. दुसऱ्या दिवशी गुरव आला. चटणीचं काम बसलं होतं, बाकीची चालू होती.

शेवटचा दिवस उजाडला. गडकरी पलीकडच्या टोकापासून घरं तपासत निघाला. त्याच्या मागे चार भोई रिकामी डोली घेऊन चालत होते. ऊन कलताना ते गोजराच्या दारात आले. डोली उंबऱ्याबाहेर टेकली. मल्हारीला ती अंथरुणावरून दिसत होती. त्याने डोळे मिटले नाहीत, डोलीकडे बघत राहिला.

गडकऱ्याने काठी कणगीत उभी घातली. वाकून पाहिलं.

“एक बोट कमी.”

गोजरा म्हणाली, “गडकरीबाबा, सूर्य अजून मावळला न्हाई.”

गडकऱ्याने आकाशाकडे पाहिलं. “न्हाई मावळला,” तो म्हणाला, आणि काठी मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. भोयांनी घाम पुसला. त्यातल्या एकाने डोलीच्या दोऱ्या ओढून पाहिल्या.

सावल्या लांबल्या. पायऱ्यांवरून कुणीतरी धापा टाकत आलं. गुरव होता. पावसाआधीचे शेवटचे तांडे पायथ्याशी थांबलेले, काढ्याच्या पुड्या सगळ्या उठल्या होत्या. त्याने उपरण्यातलं धान्य ओतलं. गडकऱ्याने काठी घातली.

“अर्धं बोट.”

सूर्याचा खालचा काठ डोंगराला टेकला होता. बाळोजी आपल्या दारातून बघत होता. मल्हारी हळूच म्हणाला, “गोजरे, इकडं ये. जरा जवळ बस.” तिला कळलं तो का बोलावतोय, आणि म्हणूनच ती गेली नाही.

तेवढ्यात खालच्या दरवाज्याचा पहारेकरी वर आला. आज दरवाजा मिटायचा म्हणून तो सगळ्यांच्या शेवटी निघाला होता. मडकं त्याच्या काखेत होतं आणि काठोकाठ भरलं होतं. दिवसभर खिंडीत दगड सुटत होते, दिवसभर तांबडं लुगडं कड्यावर होतं. थांबलेल्या प्रत्येक तांड्याने मूठ टाकली होती.

गोजराने मडकं उपडं केलं. गडकऱ्याने काठी घातली, धान्य हाताने सपाट केलं आणि खाच बघितली. मग पुन्हा बघितली.

“लागली,” तो म्हणाला. भोयांकडे वळून त्याने हात हलवला, आणि डोली रिकामी होती तशीच परत गेली.

त्या चार महिन्यांत दोघांनी मोजूनमापून खाल्लं, पण उपाशी राहिली नाहीत. मल्हारीची पाठ शाबूत राहिली.

पावसाळा सरला. रहाटावर आता पुतण्याची एकच टोपली उरली होती आणि तिच्या वाट्याने बाळोजीचं घर काही भरत नव्हतं. तो साखळी काढून गोजराच्या दारात आला. मूठही नको म्हणाला. गोजराने त्याला गूळपाणी दिलं आणि शिवायच्या गोण्या तेवढ्या रहाटावर चढवल्या. जड ओझ्याला रहाटासारखी सोय नाही, हे तिलाही ठाऊक होतं. बाकीची कामं मात्र तिने साळूकडे, गुरवाकडे आणि पहारेकऱ्याकडे होती तशीच ठेवली. बाळोजीने पुष्कळ गोड बोलून पाहिलं.

बाळगोपाळांनो आणि थोरामोठ्यांनो, तात्पर्य एवढंच: कमाईची कामं कितीही असोत, ती सगळी एकाच्याच दारातून जात असतील तर आपलं काम एकच आहे असं समजावं.