घुबडाचा निकाल आणि सायाळ

फार पूर्वी एका रानात हत्ती मुखिया होता. तंटे सोडवून कंटाळला, तेव्हा त्याने तळ्यावर एक यांत्रिक घुबड आणून बसवलं. पुढे कोण चोरी करील हे घुबड पायांचे ठसे पाहून सांगायचं, आणि ज्याला ते चोर म्हणेल त्याचं पाणी बंद व्हायचं.

ऐन उन्हाळ्यात घुबड सायाळीला म्हणालं, "चोर!"

सायाळ पिल्लांना घेऊन हत्तीकडे गेली. "हत्तीदादा, मी काय चोरलं?"

"अजून काही नाही. पण घुबड चुकत नाही."

"मग त्याला कारण सांगू दे."

"ते कारण देत नाही."

"मग तुम्ही द्या. त्याला बसवलंत तुम्ही."

सायाळ पिल्लांसह तडक तळ्याकडे निघाली; हत्तीही मागोमाग गेला. पहाऱ्यावरचा रानडुक्कर आडवा आला, तेव्हा तिने काटे फुलवले. "अडवायचं तर माझा गुन्हा सांगून अडव!"

रानडुकराने हत्तीकडे पाहिलं. हत्तीने मान खाली घातली. रानडुक्कर बाजूला झाला.

पिल्लं पोटभर पाणी प्यायली, पण सायाळीने पाण्याला तोंड लावलं नाही.

"घुबडाने आणखी सात जणांना चोर ठरवून हाकललंय," ती हत्तीला म्हणाली. "त्यांचं म्हणणं तुम्ही स्वतः ऐका. तोवर मी पिणार नाही."

हत्ती तळ्याकाठी खाली बसला. मग म्हणाला, "बोलव त्यांना."