वापरून तर बघा!

आपल्यासारखा बोलका विक्रेता अख्ख्या नाशकात नाही, अशी सदानंद सोहोनींची पक्की समजूत. ओगलेबाईंचं सर्वांना खुलं असलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यांनी सुधारलं आणि स्वतःच्या सर्व्हरवरून दुकानदारांना वापरायला दिलं.

प्रदर्शनात बाई थेट त्यांच्या स्टॉलवर आल्या. "सुधारलेला कोड द्यायचा, अशी माझी अट आहे."

"वापरणाऱ्याला द्यायचा, असं लिहिलंय. तुम्ही कुठे वापरता?"

"वापरण्यासारखं आहे काय त्यात?" बाईंनी नाक मुरडलं.

सोहोनींना ते झोंबलं. "अहो, वापरून तर बघा!" म्हणत त्यांनी स्वतःच खुर्ची पुढे केली.

बाईंनी एक बिल बनवलं. "छान आहे. वापरलं, आता द्या कोड."

सोहोनींनी कपाळावर हात मारला. "वा रे विक्रेत्या! दिवसभरात एकच गिऱ्हाईक पटवलंस, तेही हे!"