वेणूला दयाळ ऐकायचाय

एका गावात धाकू नावाचा एक भोळा नवरा होता. आधी सांगितलेलं तो साफ विसरे, पण शेवटी सांगितलेलं जिवापाड पाळे.

त्याच्या बायकोला, वेणूला, दिवस गेले. कुणाला चिंच खावीशी वाटते, कुणाला कैरी. वेणूला डोहाळे लागले दयाळ पक्ष्याचं गाणं ऐकायचे. माहेरी तो रोज पहाटे परसात गायचा.

सासूबाई म्हणाल्या, "डोहाळे पुरवायलाच हवेत. नाहीतर पोर किरकिरं निघेल."

धाकू घाबरला. "कसा दिसतो गं तो?"

"काळा-पांढरा. शेपटी उभी."

धाकू गावामागच्या राईत गेला आणि करडू घेऊन आला. काळं-पांढरं. शेपटी उभी.

"अहो, हे करडू! दयाळाला पंख असतात."

"मग आधी सांगायचं ना!"

दुसऱ्या दिवशी धाकू कोंबडी काखोटीला मारून आला. तांबडी. "पंख आहेत. बघून घे."

"अहो, ही शेजारच्या काकूंची! दयाळ झाडाच्या शेंड्यावर बसून गातो."

तिसऱ्या दिवशी राईच्या वाटेवर गावातला भिवा माडावर चढून नारळ पाडत होता. सोबत तार स्वरात भजन चालू होतं. धाकूने त्याला खाली बोलावलं, दंडाला धरून घरी आणलं. "हा घे. शेंड्यावर बसून गात होता."

भिवा ओशाळला. चहा प्यायला, उरलेलं भजन म्हणाला आणि गेला.

वेणूला रडूच कोसळलं. "आता मीच येते. पण राईत चिडीचूप राहायचं हं. गलका झाला की दयाळ येत नाही."

"एवढंच ना? कुणाला चकार शब्द काढू देणार नाही!"

उजाडताना दोघं राईत जाऊन बसली. वेणूने जांभई दिली. धाकूने तिच्या तोंडावर हात ठेवला.

इतक्यात वरून गोड, लांबलचक शीळ आली. शेंड्यावर काळा-पांढरा पक्षी, शेपटी उभी. वेणूचा चेहरा फुलला. ती बोट वर करणार, तोच धाकूने पायातली वहाण काढून वर भिरकावली.

"गप रे! कळत नाही? इथे दयाळ यायचाय!"

पक्षी भुर्रकन उडाला. राई चिडीचूप झाली.

धाकू वेणूच्या कानाशी हळूच म्हणाला, "घालवला त्याला. आता ऐक हं निवांत."